गुलमर्गला स्की करायला निघालाय? या चुका टाळा

दिवाळी झाली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, काश्मीरची टूर ठरवलीया. श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग, आणि गुलमर्गला दोन दिवस स्कीइंग घालूया म्हणतोय." उत्साह खरा असतो, पण पुढच्या निम्म्या चुका त्या 'दोन दिवसां'तूनच जन्मतात. पहिला दिवस मापाचे बूट शोधण्यात आणि पडल्यावर उठायला शिकण्यात जातो. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरवत नाही. वळण जमायला लागतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तोवर टूरची गाडी पुढच्या गावाला लागलेली असते. माझ्याबरोबर यायचं असेल तर सलग सहा दिवस गुलमर्ग. तेवढे दिवस नसतील तर बर्फ बघून या, फोटो काढा, पण स्की भाड्याने घेऊ नका.

मुक्काम श्रीनगरात ठेवून रोज ये-जा करू म्हणणारेही असतात. अंतर पन्नासेक किलोमीटरच आहे, पण बर्फ पडला की साधी गाडी तंगमर्गला थांबते आणि तिथून चाकांना चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी करावी लागते. सकाळचा चांगला बर्फ रस्त्यावरच संपतो. राहायचं गुलमर्गलाच, फार तर तंगमर्गला.

तारखा ठरवताना आपण शाळेच्या सुट्ट्या बघतो आणि नाताळचा आठवडा धरतो. काश्मीरचा कडक थंडीचा चाळीस दिवसांचा चिल्लई कलान २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपतो. नाताळात तो नुकताच सुरू झालेला असतो आणि उतारावर पुरेसा थर बसलेला असेलच असं नाही. २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्गची कुरणं पिवळी, कोरडी पडली होती. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. मी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरते आणि तारीख बदलता येईल असंच विमानाचं तिकीट काढते. चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

आता बूट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दरवर्षी माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी हीच चूक करतं आणि पहिल्या वर्षी मीही केली होती. थंडीच्या धास्तीने मी कोल्हापुरातून जाड लोकरीचे मोजे नेले, एकावर एक दोन जोड घातले, ते बसावेत म्हणून बूट एक माप मोठा घेतला. वर थर्मलची पँटही बुटात खोचली. तासाभरात पाय बधिर. मोठ्या बुटात पाऊल पुढे सरकत होतं, म्हणून मी बकला आणखी आवळल्या, त्याने रक्त फिरायचं थांबलं आणि गारठा आणखी वाढला. संध्याकाळी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती. पुढचे तीन दिवस मी खिडकीतून दुसऱ्यांना घसरताना बघत बसले.

बुटात एकच मोजा घालायचा, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा, सुती नको. थर्मल पोटरीवरच थांबवायची, कारण बुटात मोज्याशिवाय काहीही गेलं की त्याची घडी नडगीला कापते. बूट घातल्यावर टाच मागे आपटून बसवते, आधी घोट्यावरची बकल लावते आणि मग पंजावरची, तीही हलक्या हाताने. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर तो बूट आपला नाही. दुकानदार घाई करतो, मागे रांग असते, तरी मी दहा मिनिटं बूट घालून गुडघे वाकवून उभी राहते. सगळ्यांनी हेच करा. स्की थोडी कमी-जास्त लांबीची चालेल, बुटात तडजोड नको.

दुसरी चूक आपल्या कोल्हापूरची खास आहे. ताकद आहे म्हणजे जमेल, हा समज. आमच्या गटात एकदा तालमीतला एक पोरगा होता, खरोखर दणकट. "ताई, रोज हजार बैठका मारतोय. मला पोरांच्या उतारावर कशाला ठेवता?" स्की भाड्याने घेताना दुकानात "येतंय का?" विचारलं तर "येतंय की, लै वेळा केलंय" म्हणाला. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती घट्ट लावायचं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची तयारी यांवरून ठरवतात. तयारी आहे म्हटलं की ते घट्ट लावलं जातं, आणि पडताना स्की पायातून सुटायची ती सुटत नाही.

दुसऱ्याच दिवशी कुणाला न सांगता तो गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने वर अफरवटच्या डोंगरावर गेला. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, तर गोंडोलाचं वरचं ठाणं सुमारे ३,९५० मीटरवर. आपलं कोल्हापूर जेमतेम ५७० मीटर. वर सपाट केलेला शिकाऊ उतार नाही, मोकळा डोंगर आहे आणि त्यावर मऊ, खोल बर्फ. थोडं उतरल्यावर वेग वाढला, तो घाबरला आणि मागे रेलला. घाबरलेलं शरीर मागेच रेलतं, पण मागे रेललं की स्कीची टोकं हलकी होतात आणि वळण हातचं जातं. पडला तेव्हा एक स्की बर्फात रुतली, ती सुटली नाही आणि गुडघा पिरगळला. स्की पेट्रोलच्या, म्हणजे डोंगरावर गस्त घालणाऱ्या बचाव पथकाच्या, लोकांनी स्लेजवर बांधून खाली आणला. लिगामेंट तुटलं होतं. कोल्हापुरात येऊन ऑपरेशन, सहा महिने तालीम बंद. त्याच्या आईला फोन मी केला होता, तो फोन मला अजून आठवतो.

म्हणून माझ्या गटात पहिले तीन दिवस गोंडोला बंद. खालच्या मंद उतारावर स्नोप्लाऊ, म्हणजे टोकं जवळ आणि मागच्या बाजू फाकवून वेग मारणं. तिथले शिकवणारे त्याला 'पिझ्झा' म्हणतात. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली ठेवा. तालमीतली बैठक आठवा: खाली जाताना गुडघे पुढे येतात, भार पंजावर येतो. तोच भार इथं हवा. कुठेही, कुठल्याही वेगात थांबता आलं की मग वरचं बोलू. वरसुद्धा स्की पेट्रोलने उघडलेल्या भागाबाहेर पाऊल नको. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये याच डोंगरावर हिमस्खलनात परदेशी स्कीपटू गेले, आणि ते आपल्यासारखे नवशिके नव्हते.

शिकवणारा लावायचा नाही आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून उतरायचं, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिथे कोर्स चालतात. मान्यताप्राप्त शिक्षकही मिळतात. निदान चार दिवस शिकवणी घ्या.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. जोतिबाचा डोंगर चढण्यापेक्षा उतरण्यावर भर द्या, मांडीला स्कीसारखा ताण उतरतानाच येतो. भिंतीला पाठ टेकवून हवेत खुर्चीसारखं बसा, मिनिटभरापासून सुरुवात करा.

बाकीचं पटकन सांगते. जीन्स नको, भिजली की दिवसभर पायांना ओला गारवा. ढग असले तरी गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, ताज्या बर्फावरून ऊन उलटून हनुवटीखालीही भाजतं. हेल्मेट भाड्याने मिळतं, घ्या. उंचवट्याच्या खाली, वरून येणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी थांबू नका. खाली असलेल्याला सांभाळणं ही वरून येणाऱ्याची जबाबदारी असते, पण त्याला तुम्ही दिसायला तर हवं. प्रवास विम्यात हिवाळी खेळ धरलेत का, हे कागदावर वाचून घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. पोहोचल्या दिवशी दारू नको, भरपूर पाणी प्या, डोकं दुखायला लागलं तर वर चढू नका.

दुपारी तीननंतर "एकच शेवटची" म्हणत कुणी निघालं की मी त्याच्या स्की काढून घेते. मांड्या थकलेल्या असतात, सावली पडलेला बर्फ कडक होतो, आणि माझ्या गटातल्या बहुतेक पडापडी त्याच वेळी झाल्यात.

आणि रात्री बूट व्हरांड्यात ठेवू नका. आतलं अस्तर काढून खोलीत सुकवा, बुखारीपासून, म्हणजे खोलीतल्या शेगडीपासून, चार हात लांब. गारठलेलं प्लास्टिक दगडासारखं होतं आणि सकाळी दोघांनी ओढलं तरी पाय आत जात नाही.