घोडी गाभण आहे का? लीद आणि मूत्र तपासण्याची पद्धत

लाथा झाडणाऱ्या, सुईला बुजणाऱ्या किंवा माळावर मोकळ्या चरणाऱ्या घोडीचे रक्त काढणे जिकिरीचे असते. गाभणपणातील हॉर्मोन मात्र तिच्या लिदीतून आणि मूत्रातून रोज बाहेर पडत असतात. ते मोजण्याआधी घोडी भरवल्यापासूनचे (घोड्याशी संयोग झाल्यापासूनचे) दिवस मोजा. या तपासणीत फसगत होते ती बहुतेक वेळा नमुना चुकीच्या दिवशी घेतल्यामुळे.

कोणत्या दिवशी काय शोधायचे

घोडीचे गाभणपण साधारण 340 दिवसांचे; 320 ते 365 दिवसांपर्यंतचा फरक पडू शकतो. सुरुवातीला प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारे हॉर्मोन) वर असते, पण ते माजानंतर रिकाम्या घोडीतही वर असते. म्हणून 18-20 व्या दिवशीच्या एका नमुन्यावरून काही ठरत नाही. आठवड्यातून तीनदा नमुने घेतले आणि 21 दिवसांचे चक्र उलटून गेल्यावरही पातळी खाली आली नाही, तर गाभणपणाचा संशय घ्यावा. संशयच, कारण अंडाशयातील पीतपिंड (बीज सुटल्यावर तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) न विरघळता रेंगाळला तरी आलेख असाच दिसतो.

35 ते 40 व्या दिवसांच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात एंडोमेट्रियल कप तयार होतात आणि ईसीजी स्रवू लागतात. (हृदयाच्या ईसीजीशी याचा संबंध नाही, हे इक्वाइन कोरिऑनिक गोनाडोट्रोपिन.) रक्ततपासणीत याला महत्त्व आहे, आपल्याला त्याचा उपयोग नाही: रेणू मोठा असल्यामुळे तो मूत्रात पुरेसा उतरत नाही. माणसांची घरगुती गर्भचाचणी पट्टी घोडीच्या मूत्रात बुडवून पाहणारे लोक भेटतात. ती पट्टी माणसाचे हॉर्मोन शोधते आणि घोडीचे ईसीजी मूत्रात पुरेसे येतच नाही, त्यामुळे एक रेघ दिसली म्हणून घोडी रिकामी ठरत नाही.

आपल्या कामाचे खरे हॉर्मोन म्हणजे इस्ट्रोजेन. गर्भाचे वृषण किंवा अंडाशय कच्चा माल पुरवतात आणि वार त्याचे इस्ट्रोजेन बनवते. गर्भ मेला की ही पातळी लवकर कोसळते. ईसीजीचे तसे नाही. कप एकदा तयार झाले की गर्भ गेल्यावरही ते बरेच दिवस स्रवत राहतात आणि रक्ताचा अहवाल घोडी गाभण असल्याचे खोटेच सांगतो. त्यामुळे पोटातला गर्भ जिवंत आहे का, या प्रश्नाला इस्ट्रोजेन अधिक भरवशाचे. मूत्रात ते साधारण 90 दिवसांनंतर पाहावे. लिदीसाठी 120 दिवस तरी जाऊ द्यावेत, 150 झाले तर उत्तम. सातव्या-आठव्या महिन्यात पातळी शिखरावर असते आणि पुढे विण्यापर्यंत उतरत जाते.

लीद

घोडीला लीद टाकताना पाहिले असेल तरच ती उचला; कळपात तर हे अटळच. तासाभराच्या आत नमुना घ्या, कारण लिदीतील जिवाणू स्टिरॉइडचे (म्हणजे याच हॉर्मोनांचे) रूप बदलत राहतात आणि उन्हात हे काम वेगाने होते. हातमोजे घालून चार-पाच गोळे फोडा आणि जमिनीला किंवा मूत्राला न लागलेला आतला भाग थोडा थोडा घ्या. एकूण 30-50 ग्रॅम पुरे. पिशवीतच तो चांगला कुस्करून एकजीव करा; हॉर्मोन गोळ्यागणिक कमीजास्त असते आणि एकाच गोळ्याचा नमुना हमखास दगा देतो.

हवा काढून पिशवी बंद करा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी उणे 20 अंशांवर गोठवा. पिशवी थंड आणि ओली होण्याआधीच तिच्यावर पक्क्या शाईने घोडीचे नाव, तारीख, वेळ आणि गाभणपणाचा दिवस लिहा. गोठलेल्या पिशवीवरची चिकटपट्टी सुटते आणि मग तळाशी बिननावाच्या चार पिशव्या उरतात. वितळवून पुन्हा गोठवणे टाळा.

लिदीतले हॉर्मोन आजचे नसते. अन्न आतड्यातून जायला लागतो तेवढा वेळ, म्हणजे एक-दोन दिवस, ते मागे चालते.

मूत्र

स्वच्छ अंथरुणावर नेल्यावर बऱ्याच घोड्या लगेच मुततात. ही सवय कामी येते. लांब दांड्याला बांधलेला पेला मधल्या धारेखाली धरा, उभे राहा बाजूला. 10-20 मिली पुरते. घोडीचे मूत्र गढूळ आणि बुळबुळीत असते, पेला तिरका केला की तार सुटते आणि थोड्या वेळाने तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरट गाळ बसतो. हा आजार नव्हे. तपासणीआधी सेंट्रिफ्यूज करून वरचे पाणी घ्यावे, नाहीतर श्लेष्मा पिपेटमध्ये अडकून माप चुकते.

मोकाट घोड्यांच्या बाबतीत बर्फात किंवा मातीत मुरलेले मूत्रही चालते. सुई नसलेल्या सिरिंजने ते ओढून घेतात. ते किती पातळ झाले हे कळत नाही, म्हणून हॉर्मोनला क्रिएटिनिनने (शरीर बऱ्यापैकी ठरावीक वेगाने मूत्रात टाकते त्या टाकाऊ पदार्थाने) भागतात; पाणी दोघांना सारखेच पातळ करते. पेल्यात धरलेल्या मूत्रालाही हाच भागाकार लावा, कारण घोडी किती पाणी प्यायली यावर सगळे बदलते. क्रिएटिनिन 0.1 मिग्रॅ प्रति मिलीपेक्षा कमी निघाले तर नमुना फेकून द्या.

प्रयोगशाळेत

लिदीसाठी सोपी पद्धत अशी: 0.5 ग्रॅम ओली लीद, 5 मिली 80 टक्के मेथॅनॉल, अर्धा तास हलवणे, सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव बफरमध्ये पातळ करून एलायझा (अँटिबॉडीच्या साहाय्याने हॉर्मोन मोजणारी चाचणी). ओलावा फार बदलत असेल तर नमुने आधी वाळवून कोरड्या वजनावर हिशेब करा. उत्तरार्धातील नमुने शंभरपट किंवा त्याहून पातळ करावे लागतात. तसे न करता आलेखाच्या टोकाबाहेरचा आकडा वाचला तर त्याला अर्थ नाही.

किट निवडताना मोठी चूक होते. लिदीत शुद्ध प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतेच, त्याची विघटित रूपे असतात. वार नंतरच्या महिन्यांत मुख्यतः 5 अल्फा प्रेग्नेन गटातली संयुगे बनवते. फक्त प्रोजेस्टेरॉनला चिकटणारे किट त्यामुळे ठणठणीत घोडीचाही आकडा खाली दाखवेल. गटाला ओळखणारी अँटिबॉडी हवी. किट नवे असेल तर पातळ करत गेलेल्या नमुन्याची रेघ मानक रेघेला समांतर जाते का हे पाहा आणि प्रत्येक नमुना दोनदा लावा. दोन वाचनांत 10 टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा करा. घोडीला अल्ट्रेनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम औषध) चालू असेल तर ते आधीच सांगा.

जुनी क्युबोनी चाचणी ॲसिड आणि बेंझीन वापरून मूत्रातील इस्ट्रोजेनची हिरवी चमक दाखवते. बेंझीन कर्करोगकारक आहे. हा खटाटोप तबेल्यात करू नका.

आकडा वाचताना

दुसऱ्या प्रयोगशाळेची मर्यादा आपल्या अहवालाला लावू नका. त्याच खेपेत माहितीच्या रिकाम्या घोडीचा एक नमुना आणि पक्क्या गाभण घोडीचा एक नमुना लावला की निकाल आपोआप बोलतो. शंका असेल तर 7-10 दिवसांनी दुसरा नमुना घ्या. माजावरच्या घोडीतही इस्ट्रोजेन थोडे वाढते, पण ते काही दिवसांत उतरते.

जुळे मात्र या तपासणीत कळत नाही. त्यासाठी 14-16 व्या दिवशीची सोनोग्राफी हवी. त्या काळात दोन्ही गर्भ गर्भाशयात फिरत असतात आणि एक काढून टाकणे सोपे जाते.

प्रोजेस्टाजेन (प्रोजेस्टेरॉन आणि त्याच्या गटातली संयुगे) शेवटच्या तीनेक आठवड्यांत वाढते आणि विण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत घसरते. ही वाढ 300 दिवसांच्या आत दिसली आणि कासही भरू लागली, तर वारेच्या संसर्गाचा विचार करून त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. विण्याची रात्र ओळखायला मात्र लीद निरुपयोगी आहे, अहवाल येईपर्यंत शिंगरू उभे राहिलेले असते. त्या दिवसांत कासेतील चिकाचे दोन थेंब घेऊन पीएच पट्टीवर टाका, संध्याकाळी 6.4 च्या आसपास किंवा खाली आले तर रात्री तबेल्यातच झोपा.