बाळात व्यंग तर नसेल ना? ही भीती हाताळायची कशी

‘बाळ धडधाकट असेल ना?’ हा प्रश्न बहुतेक गरोदर बायकांच्या मनात येतो. घरात तो मोठ्याने विचारला की ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून गप्प बसवलं जातं. मग तोच प्रश्न रात्री दोन वाजता मोबाइलला विचारला जातो आणि तिथे सगळ्यात वाईट उदाहरणंच आधी समोर येतात. ‘काळजी करू नकोस’ असं सांगून ही भीती जात नाही. ती नेमकी कशाची आहे ते ठरवायचं, तिचं उत्तर कितव्या आठवड्यात कोणत्या तपासणीत मिळतं ते पाहायचं आणि तोवर आपल्या हातातलं तेवढं करायचं, याने मात्र ती आटोक्यात राहते.

आधी आकडा लक्षात ठेवा. जन्मणाऱ्या दर १०० बाळांपैकी साधारण २ ते ३ बाळांत मोठं व्यंग असतं, म्हणजे ९७ च्या आसपास बाळांत नसतं. त्या दोन-तीनांतही पुष्कळ व्यंगांवर चांगले उपचार आहेत. दुभंगलेला ओठ ३ ते ६ महिन्यांच्या वयात शिवतात. आत वळलेली पावलं पोन्सेटी पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करतात. हृदयाच्या पडद्यातली बारीक छिद्रं तर अनेकदा आपोआप बुजतात.

वहीत तीन रकाने

पान आडवं धरून तीन रकाने आखा: मला भीती कशाची, माझ्या बाबतीत तसं कारण आहे का, आणि याचं उत्तर कोण कधी देईल. लिहिल्यावर निम्म्या ओळी तिथल्या तिथे निकालात निघतात.

‘ग्रहणात भाजी चिरली, आता ओठ फाटेल’ ही ओळ खोडून टाका. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही. ग्रहणभर उपाशी आणि पाण्यावाचून बसण्याचा त्रास मात्र खरा आहे. ‘दिवस राहिल्याचं कळायच्या आधी छातीचा एक्स-रे काढला’ हीसुद्धा खोडा. त्यातून गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेच्या (किरणांचं माप) आसपास किंवा त्याहूनही कमी किरण पोचतात, आणि ५० मिलिग्रेच्या खाली व्यंगाचा धोका वाढलेला दिसत नाही.

काही ओळी मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायच्या असतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, किंवा रक्त पातळ करायला वॉर्फरिन, तर फोन आजच करा. फिट्सची गोळी मनाने बंद करू नका. अचानक आलेली फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकते. आधीपासून मधुमेह असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढलेली साखर बाळाच्या हृदयाला आणि मणक्याला बाधते, म्हणून साखर लगेच तपासा. मिशरी लावत असाल तर ती तंबाखूच आहे, आज थांबवा.

नवरा मामेभाऊ किंवा आतेभाऊ असेल तर धोका शंभरात २-३ वरून साधारण ४ ते ६ पर्यंत जातो. तरीही ९४ पेक्षा जास्त बाळं ठीकच असतात, पण जनुकीय सल्ला घ्यावा. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आईवडिलांकडून येणारे रक्ताचे आजार. थॅलेसेमियासाठी आणि, विशेषतः विदर्भ, नंदुरबार या भागांत, सिकलसेलसाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी पहिल्याच भेटीत करा. तुमच्यात दोष निघाला तर नवऱ्याचीही करा. दोघेही वाहक (स्वतः ठीक, पण दोष बाळाला देऊ शकणारे) असतील तरच बाळाला आजार होण्याची शक्यता येते, ती दर खेपेला २५ टक्के.

फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्यतो दिवस राहण्याच्या महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत घ्यायचं. आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष होता किंवा फिट्सचं औषध चालू आहे, तर डोस मोठा लागतो. तो डॉक्टरच ठरवतात. मणक्याची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, म्हणून गोळी आधीपासून हवी. उशिरा सुरू केली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पाठीचा कणा सोनोग्राफीत नीट दिसतो. वहीत त्या तपासणीची तारीख लिहा.

कितव्या आठवड्यात काय कळतं

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (धोक्याचा अंदाज देणारी आईच्या रक्ताची तपासणी). तो काळ हुकला तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रुपल मार्कर ही तशीच रक्ततपासणी. एनआयपीटी ही आईच्या रक्ताची तपासणी दहाव्या आठवड्यापासून होते. अनोमली स्कॅन (बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी) १८ ते २० आठवड्यांत, आणि हृदयाबद्दल शंका असेल किंवा आईला मधुमेह असेल तर फीटल इको (बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) साधारण २० ते २४ आठवड्यांत. अनोमली स्कॅनमध्येही सगळं दिसत नाही: बहिरेपणा, स्वमग्नता, चयापचयाचे आजार त्यात कळत नाहीत.

सर्वांत जास्त घबराट होते ती डबल मार्करच्या रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ छापून आलं की. ही चाळणी आहे, निदान नव्हे. समजा डाऊन सिंड्रोमपुढे (एक गुणसूत्र जास्तीचं असल्याने होणारा जन्मजात दोष) १:१८० लिहिलंय. बऱ्याच लॅब १:२५० ला रेघ मारतात, म्हणून हा आकडा लाल शाईत येतो. अर्थ एवढाच, की असाच रिपोर्ट हातात घेतलेल्या १८० जणींची रांग लावली तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन असेल, १७९ जणींच्या नसेल. उलट ‘लो रिस्क’ म्हणजे शून्य धोका नव्हे.

घाबरण्याआधी रिपोर्टच्या वरच्या भागातली माहिती पडताळा. हिशोब आईचं वय, वजन, बाळाची लांबी, जुळं आहे का, मधुमेह, आयव्हीएफ यांवर चालतो. वय फार मोठा फरक पाडतं: विशीत डाऊनची शक्यता सुमारे १५०० त एक, पस्तिशीत सुमारे ३५० त एक. आपल्याकडे कितीतरी जणींच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असते आणि खरं वय वेगळं असतं. लॅबला खरी तारीख सांगा. वजन त्याच दिवशी काट्यावर केलेलं हवं, आणि आठवडे सोनोग्राफीतल्या लांबीवरून धरलेले हवेत. काही चुकलं असेल तर लॅबला नवा हिशोब मागा. रक्त पुन्हा द्यावं लागेलच असं नाही.

सगळं बरोबर असूनही धोका जास्त आला, तर दोन वाटा असतात. एनआयपीटी डाऊनची १०० पैकी ९९ बाळं पकडते, पण तीही चाळणीच. पक्कं निदान अम्नियोसेंटेसिससारख्या, म्हणजे गर्भजल काढून करायच्या, तपासणीने होतं. १५ आठवड्यांनंतर, सोनोग्राफीत पाहत, बारीक सुईने १५ ते २० मिलिलिटर गर्भजल काढतात. काम काही मिनिटांचं असतं. अनुभवी हातात गर्भपाताचा धोका अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका.

अनोमली स्कॅनच्या रिपोर्टमधलेही काही शब्द उगाच झोप उडवतात. हृदयातला चमकणारा ठिपका किंवा मेंदूतली कोरॉइड प्लेक्ससची (पाण्याची) गाठ एकटीच दिसली आणि आधीची चाचणी चांगली असली, तर ते बहुधा निरुपद्रवी असतं. अशी गाठ साधारण २८ आठवड्यांपर्यंत विरते. डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘हे एकटंच आहे की सोबत आणखी काही दिसतंय?’

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

अम्नियोचा झटपट रिपोर्ट काही दिवसांत येतो, पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. एवढ्यात सगळ्या नातेवाइकांना सांगू नका. दोनच माणसं ठरवा. बाकीच्यांना ‘तपासण्या चालू आहेत’ एवढंच उत्तर. संध्याकाळी वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा: वही उघडा, सगळं लिहा, वेळ संपली की मिटा. दिवसभरात विचार आला तर ‘संध्याकाळी’ म्हणून एक शब्द टिपून ठेवा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. झोप, जेवण यांचे दोन आठवड्यांहून जास्त हाल झाले, छाती धडधडत राहिली, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी बोला.

अनोमली स्कॅन पुढे ढकलू नका, कारण कायद्याच्या मुदती आहेत. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर व्यंगाच्या कारणाने २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. आणि गर्भ ठेवायचा असं तुम्ही ठरवलं तर तेही तितकंच तुमचं आहे.

ठेवायचं ठरलं तर बाळंतपणाआधीच त्या व्यंगाच्या तज्ज्ञाला भेटा: बाळांचे सर्जन, हृदयतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. विचारा की जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत काय लागेल, आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या रुग्णालयातच नाव नोंदवा. खर्चाची चिंता असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आठव्या महिन्याच्या आत विचारून ठेवा. ओल्या बाळंतिणीला कागदांसाठी फिरावं लागू नये.