पतधोरणामागचा अर्थविचार कसा ओळखावा

रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर झाले की बहुतेकांची नजर थेट रेपो दरावर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्या व्याजदरावर, जाते. त्या निर्णयामागे कोणता अर्थविचार उभा आहे हे समजून घ्यायचे असेल, तर दर क्षणभर बाजूला ठेवून आधी एवढेच शोधावे, की महागाईचे मूळ निवेदनाने कशात पाहिले आहे.

सुरुवात जुन्या कागदपत्रांपासून करावी. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सुखमय चक्रवर्ती समितीच्या १९८५ च्या अहवालाचा भर चलनपुरवठ्याच्या, म्हणजे अर्थव्यवस्थेतील एकूण पैशाच्या, वाढीवर नियंत्रण ठेवण्यावर होता. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या चलनवादाची, म्हणजे महागाईचे मूळ चलनपुरवठ्याच्या वाढीत पाहणाऱ्या विचाराची, छाया येथे स्पष्ट दिसते; तरीही घाईने शिक्का मारू नये. फ्रीडमन यांना चलनपुरवठा दरवर्षी ठरावीक गतीनेच वाढायला हवा होता, तर समितीने उत्पादनाची स्थिती पाहून लक्ष्य बदलण्याची मुभा ठेवली होती. शिवाय विचार मान्य झाला म्हणजे तो अमलात आला असे नव्हे. केंद्र सरकार आपली तूट ४.६ टक्के व्याजाच्या तदर्थ ट्रेझरी बिलांवर, म्हणजे गरज पडेल तेव्हा काढलेल्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांवर, रिझर्व्ह बँकेकडून भरून घेत असे आणि तेवढे नवे चलन आपोआप निर्माण होई. ही वाट १९९७ मध्ये बंद झाली. म्हणून कोणत्याही धोरणाचा विचार तपासताना तुटीचा पैसा कोठून येतो हे अवश्य पाहावे. माझ्या मते ही खूण सर्वांत भरवशाची आहे.

त्यानंतर पतधोरणाच्या चौकटीविषयीचा ऊर्जित पटेल समितीचा २०१४ चा अहवाल वाचावा. त्यातील शिफारशीला धरून २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर ४ टक्के महागाईचे, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची सवलत असलेले लक्ष्य ठरले. या काळातील निवेदनांत ‘अपेक्षा’ हा शब्द अधोरेखित करावा. लोक पुढील महागाईचा अंदाज बांधूनच मजुरी आणि किमती ठरवतात, हा फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स यांनी १९६० च्या दशकाअखेरीस मांडलेला मुद्दा त्यामागे आहे. म्हणूनच रिझर्व्ह बँक कुटुंबांना महागाईविषयी काय वाटते याचे सर्वेक्षण करते. मात्र त्याच निवेदनात मागणी उत्पादनक्षमतेपेक्षा किती कमी आहे याचीही चर्चा असेल, तर तेथे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचा वारसा, म्हणजे मागणी घटली की सरकारने तिला आधार द्यावा हा विचार, ओळखावा. २००८ च्या जागतिक संकटात केंद्राने अप्रत्यक्ष कर घटवून वित्तीय तूट वाढू दिली, तेव्हा हाच विचार पुढे आला होता.

शेवटी रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होणारे इतिवृत्त उघडावे. त्यात सहाही सदस्यांची मते कारणांसह दिलेली असतात. मतविभागणी झाली असेल, तर विरोधी मत देणाऱ्या सदस्याचे टिपण आधी वाचावे.