जडावाचं लाकडी पेन कातताय? या चुका टाळा

जडावाचं पेन, म्हणजे लाकडात दुसऱ्या लाकडाच्या किंवा धातूच्या पट्ट्या बसवलेलं पेन, लेथवर (कातायच्या यंत्रावर) फुटलं की पहिला संशय हत्यारावर जातो. बहुतेक वेळा दोष त्याआधीच राहून गेलेला असतो: कापताना, चिकटवताना किंवा भोक पाडताना. त्यामुळे दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते.

गाठीची नक्षी जुळत नाही

सेल्टिक नॉटसाठी, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या वळशांच्या गाठीसारख्या नक्षीसाठी, साधारण २० मिमी चौरस ठोकळ्याला चारही बाजूंनी, एकाच जागी, ४५ अंशांत काप घेतात आणि प्रत्येक कापात पट्टी बसवतात. इथे सगळा खेळ पट्टीच्या जाडीचा आहे. पट्टी करवतीच्या कापाइतकीच जाड हवी. पातळ असेल तर फट ग्लूने भरावी लागते आणि ठोकळा वाकतो. जाड असेल तर दाबून बसवताना कापाखालचं लाकूड तडकतं. टाकाऊ तुकड्यावर एक काप घ्या, व्हर्नियरने मोजा आणि पट्टी त्या मापाला तासा. काप आरपार नेऊ नका, तळाशी दीड-दोन मिमी लाकूड राहू द्या. आधीचा ग्लू पुरता वाळल्याशिवाय ठोकळा पुढच्या कापासाठी फिरवू नका.

कातून झाल्यावर नक्षी बिघडलेली दिसली, तर कारण तिच्यातच वाचता येतं. एकच वळसा सरकला असेल, तर त्या कापाच्या वेळी ठोकळा स्टॉपला (काप दर वेळी एकाच जागी यावा म्हणून लावलेल्या अडणीला) नीट टेकला नव्हता. बहुधा मधे भुसा अडकला होता. एका बाजूचे वळसे मोठे आणि समोरचे लहान दिसत असतील, तर काप बरोबर आहेत, भोक मध्यावरून सरकलं आहे. ठोकळा मुळातच काटकोनात नसेल तर दोन्ही दोष एकत्र येतात, म्हणून पहिल्या कापाआधी गुण्या लावून बघा.

धातूची पट्टी सुटते

ॲल्युमिनियम किंवा पितळेची पट्टी गुळगुळीत ठेवून सुपर ग्लूने चिकटवणं ही फार सर्रास होणारी चूक. सुपर ग्लू ठिसूळ असतो आणि ड्रिलच्या उष्णतेने मऊ पडतो. दोन्ही बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, ॲसिटोनने पुसा, सावकाश वाळणारं इपॉक्सी वापरा आणि २४ तास थांबा. सागासारख्या तेलकट लाकडालाही चिकटवण्याआधी ॲसिटोन लावायला विसरू नका.

भोक पाडताना ठोकळा फुटतो

बिट पलीकडून बाहेर पडताना शेवटचा थर उडवतो. ठोकळा मापापेक्षा १५ मिमी लांब ठेवा, भोक आरपार नेऊ नका आणि उरलेलं टोक नंतर कापून टाका. वेग ५०० आरपीएमच्या आसपास पुरे. दर ६ ते ८ मिमीला बिट बाहेर काढून भुसा झटका. बिट हाताला चटका देत असेल तर थांबा.

भोकात बसणारी, पेनचे भाग धरणारी पितळी नळीही खरवडूनच बसवा आणि ग्लूमध्ये फिरवत आत सरकवा. नळीभोवती पोकळी राहिली, तर कातताना भिंत पातळ होते आणि नेमकी तिथेच फुटते.

लेथवर

पेन लंबगोल होत असेल तर मँड्रेलचा, म्हणजे ठोकळा ज्यावर फिरतो त्या दांड्याचा, नट सैल करा. जास्त आवळल्याने दांडा वाकतो.

धातू आणि लाकूड पेपरखाली सारखं झिजत नाही. लाकूड आधी खाली जातं आणि पट्टी बोटाला लागते. म्हणून धारदार हत्याराने, हलक्या हाताने, बुशिंगच्या (ठोकळ्याच्या टोकांना लावलेल्या, पेनची शेवटची जाडी दाखवणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) जवळजवळ मापापर्यंत कातून आणा. पेपरसाठी अगदी थोडं ठेवा. मेपलसारख्या फिकट लाकडात धातूची काळी भुकटी किंवा शेजारच्या पडौक या लाल लाकडाचा रंग शिरतो. पेपर लावण्याआधी पातळ सुपर ग्लूचा एक हात दिला की रंध्रं बंद होतात. भुकटी हवेने उडवा. ओल्या फडक्याने पुसली तर ती आणखी आत जाते, आणि अल्कोहोलने पडौकचा रंग सुटतो.

सुपर ग्लूचं फिनिश पांढरं पडलं, तर ॲक्टिव्हेटर (ग्लू झटपट वाळवणारा फवारा) जास्त झाला किंवा आधीचा थर ओला होता. तो भाग पेपरने लाकडापर्यंत काढून पुन्हा पातळ थर द्या. बुशिंगला आधी मेण लावा आणि काढण्याआधी सांध्यावर ब्लेड फिरवा, नाहीतर फिनिशचा कपचा निघतो. या कामात चष्मा आणि धुळीचा मास्क हवाच, शिवाय खोलीत हवा खेळती ठेवा. सुपर ग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते.

जोडणीआधी नळीच्या आत वाळलेला ग्लू खरवडून काढा. तो राहिला तर भाग दाबून बसवताना तयार पेन उभं तडकतं. रिफील आत-बाहेर करणारी फिरवायची यंत्रणा थोडी थोडी दाबा आणि दर वेळी रिफील घालून टोक किती बाहेर येतं ते पाहा, कारण जास्त आत गेलेली यंत्रणा काही न मोडता परत काढणं कठीण असतं.