पानाच्या चकत्यांवरून प्रकाशसंश्लेषणाचा वेग कसा मोजावा

प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि तापमान यांपैकी ज्याचा पुरवठा सर्वांत तोकडा, तोच प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठरवतो, हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी 1905 मध्ये मांडले. ते डोळ्यांनी पाहायचे असेल, तर बुडवलेल्या पानाच्या चकत्या प्राणवायूच्या जोरावर वर येण्यास किती वेळ घेतात, ते मोजावे. पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजण्याची पद्धत मी केव्हाच सोडली, कारण बुडबुडे लहानमोठे येतात आणि मोजणी हमखास चुकते.

एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम खाण्याचा सोडा (चकत्यांना कार्बन डायऑक्साइड यातूनच मिळतो) आणि द्रव साबणाचे दोन-तीन थेंब फेस न आणता मिसळावेत. पालकाच्या ताज्या पानांतून, जाड शिरा टाळून, पंचिंग मशीनने दहा चकत्या पाडाव्यात.

आता खरी कसोटी चकत्या बुडवण्याची. पानाच्या आत पेशींमधल्या जागेत हवा असते आणि तिच्यामुळेच चकती तरंगते. ती हवा काढून तिच्या जागी सोड्याचे द्रावण भरावे लागते. बिनसुईच्या सिरिंजमध्ये चकत्या टाकून थोडे द्रावण ओढावे, वरची हवा बाहेर ढकलावी, टोकावर बोट घट्ट दाबावे आणि दट्ट्या मागे खेचून दहा सेकंद धरावा. मग बोट झटकन काढावे. ‘जोरात ओढत राहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे, कारण ओढताना हवा फक्त बाहेर पडते, द्रावण आत शिरते ते दाब पूर्ववत होताना. हे न कळल्यामुळे मी सुरुवातीला पंधरा-पंधरा वेळा दट्ट्या ओढत असे. चकत्या बुडत, पण पेशी दुखावल्यामुळे पुढे कितीही प्रकाश दिला तरी तळ सोडत नसत. दोन-तीन खेपांत काम व्हायला हवे. नीट भरलेली चकती गडद आणि किंचित पारदर्शक दिसते. तीन खेपांनंतरही ती तरंगत असेल, तर जोर वाढवू नये, साबणाचा एक थेंब वाढवावा. पानावरच्या मेणचट थरामुळे पाणी आत शिरत नसते.

चकत्या द्रावणाच्या पेल्यात ओतून दिवा लावावा, दर मिनिटाला पेला हलकेच हलवावा आणि पाच चकत्या वर येण्याची वेळ टिपावी. एक भागिले ती वेळ, हा वेग. शेवटच्या चकतीची वाट पाहू नये, एखादी रेंगाळतेच.

यापुढे एका वेळी एकच घटक बदलावा. दिवा 20 वरून 40 सेंटिमीटरवर नेला की प्रकाश साधारण चौथाई होतो, मात्र जुना तापणारा बल्ब वापरल्यास प्रकाशाबरोबर तापमानही बदलते आणि निष्कर्ष कशाचा, हेच कळेनासे होते. म्हणून एलईडी दिवा घ्यावा आणि पेल्यात तापमापी ठेवावीच. तापमानाचा परिणाम पाहताना पाणी 40 अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये, कारण तिथे विकरे (एन्झाइम) बिघडू लागतात. कार्बन डायऑक्साइडसाठी दुसऱ्या पेल्यात उकळून थंड केलेले, बिनसोड्याचे पाणी घ्यावे आणि त्या चकत्याही त्याच पाण्याने भराव्यात; त्या तळाशीच राहतात.

वर आलेल्या चकत्या अंधारात झाकून ठेवल्या, तर श्वसनात प्राणवायू खर्च होऊन त्या हळूहळू पुन्हा बुडतात. त्या बुडाल्या, तर पेशी जिवंत आहेत आणि आधीचे आकडे खुशाल वहीत उतरवावेत.