सिक्वेन्सिंगच्या यंत्राला दोष देण्याआधी या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचल्याची, फाइल माझ्याकडे येतेच. सोबत एकच ओळ असते: “डेटा आलाय, यातून काय निघतं ते बघा ना.” मी आधी डेटा उघडत नाही. नमुने कोणी गोळा केले, कुठल्या नळीत, कुठल्या दिवशी, डीएनए कोणत्या किटने काढला, हे विचारते. बऱ्याचदा समोरून उत्तरच येत नाही आणि मला पुढचं सगळं दिसू लागतं.

१९७७ साली सँगर यांनी मांडलेल्या पद्धतीने आजही एका खेपेला सात-आठशे अक्षरं वाचता येतात. मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा संपूर्ण डीएनए, वाचण्याच्या प्रकल्पाला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली. आता एखादं यंत्र दोन-तीन दिवसांत अनेक माणसांचे जीनोम वाचतं. या वेगामुळे नव्यांचा असा समज झालाय की अवघड काम यंत्र करतं आणि आपण फक्त निकाल वाचायचा. यंत्राच्या तोंडी जे द्याल ते ते इमाने वाचतं, चुकीचा नमुना दिला तर तोही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रुग्ण एका महिन्यात, निरोगी दुसऱ्या महिन्यात

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज अजूनही चढतो.

काही वर्षांपूर्वी पीएचडीचा एक विद्यार्थी सांध्यांच्या आजाराचा डेटा घेऊन आला. रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या रक्तातल्या आरएनएचं (चालू जनुकाची पेशीने काढलेली प्रत) सिक्वेन्सिंग केलेलं, कोणती जनुकं आजारात जास्त बोलतात ते शोधायला. त्याने नमुन्यांचा नकाशा दाखवला. एक ठिपका म्हणजे एक नमुना. ठिपक्यांचे दोन ढग होते आणि मध्ये मोकळं मैदान. हजारो जनुकांमध्ये फरक होता. त्याच्या मार्गदर्शकांनी शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं होतं.

मला ते चित्र बघून धडकी भरली. माणसं इतकी स्वच्छ दोन गटांत पडत नाहीत. वय, लिंग, औषधं, कालच्या रात्रीची झोप, या सगळ्यामुळे ढग एकमेकांत थोडे तरी मिसळतात. मग मी फरक दिसलेल्या जनुकांची यादी पाहिली. सर्वांत वर फॉस आणि ईजीआर१. पेशीला कसलाही धक्का बसला की काही मिनिटांत जागी होणारी ही जनुकं. त्यांचा त्या आजाराशी संबंध असूही शकतो, पण यादीच्या माथ्यावर ती दिसली की मी पहिला प्रश्न ठरलेला विचारते: रक्त काढल्यावर नळी किती वेळ पडून होती?

तो गप्प झाला. रुग्णांचं रक्त सकाळी बाह्यरुग्ण विभागात काढलं जायचं, हा संध्याकाळी जाऊन नळ्या उचलायचा. निरोगी गटात त्याच्याच प्रयोगशाळेतले सहकारी होते. त्यांचं रक्त शेजारच्या खोलीत काढून दहा मिनिटांत कामाला लागायचं. त्यावर कहर म्हणजे रुग्णांचा सगळा आरएनए एका महिन्यात काढलेला आणि निरोगी लोकांचा पुढे तीन महिन्यांनी, नव्या खोक्यातल्या किटने. म्हणजे आजार, नळी पडून राहण्याचा वेळ आणि बॅच, म्हणजे कोणत्या खेपेत आणि कोणत्या किटने काम झालं ते, या तिन्ही गोष्टी एकाच रेषेत होत्या.

“मॅडम, कॉम्बॅट चालवून बॅचचा परिणाम काढून टाकता येईल ना?” कॉम्बॅट म्हणजे बॅचमुळे आलेला फरक पुसणारं सॉफ्टवेअर. हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. नाही येत. प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गटांचे नमुने असतील तर सॉफ्टवेअर बॅच आणि आजार वेगळे ओळखू शकतं. रुग्ण सगळे एका बॅचमध्ये आणि निरोगी सगळे दुसरीत असतील, तर बॅच पुसताना आजारही पुसला जातो. आणि न पुसता ठेवलं, तर आपण नक्की काय मोजलं हे कोणालाच सांगता येत नाही. यावर कसलंही संख्याशास्त्र नाही.

त्या मुलाने सगळं पुन्हा गोळा केलं. एकूण दोन वर्षं गेली. दुसऱ्या खेपेत हजारो जनुकं गळून मूठभर उरली. त्या मूठभरांवर मात्र माझा विश्वास आहे आणि त्याचाही.

जगातल्या मोठ्या गटांनाही हे चुकलेलं नाही. शंभरी ओलांडलेल्या लोकांच्या जनुकीय खुणांवरचा एक गाजलेला अभ्यास २०१० मध्ये ‘सायन्स’ने छापला. सगळे नमुने एकाच प्रकारच्या चिपवर (डीएनएतल्या ठरावीक जागाच तपासणारी पट्टी) तपासलेले नव्हते आणि त्यातल्या एका चिपचे काही निकाल सदोष होते. २०११ मध्ये तो मागे घ्यावा लागला. ते सिक्वेन्सिंग नव्हतं, पण दुखणं हेच.

माझी सवय अशी. पहिला नमुना येण्याआधी तक्ता तयार हवा. कोणता नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या बॅचमध्ये, प्लेटच्या कोणत्या खड्ड्यात, हे संगणकाला यादृच्छिक पद्धतीने ठरवू द्यायचं, स्वतःच्या सोयीने नाही. रक्त काढल्याची वेळ आणि ते गोठवल्याची वेळ, दोन्ही लिहायच्या. एक समान नमुना प्रत्येक बॅचमध्ये पुन्हा घालायचा, म्हणजे बॅच कुठे सरकली ते त्याच्यावरून कळतं. विश्लेषण करणाऱ्याला हा तक्ता आधी दाखवा. यंत्रातून डेटा बाहेर पडल्यावर सल्ला मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

कोरा नमुना न लावणं

दुसरी चूक शिकवायला सर्वांत सोपी आणि तरीही वारंवार होणारी. डीएनए काढताना एक नळी अशी ठेवायची, जिच्यात नमुना नाही. बाकी सगळं तेच: तेच किट, तेच पाणी, तेच हात. मग तीही सिक्वेन्स करायची. नवे लोक ती वाचवतात, कारण “त्यात काहीच नसणार आणि पैसे मात्र लागणार.”

त्यात काहीच नसतं हे खरं नाही. २०१४ मध्ये एका गटाने दाखवून दिलं की डीएनए काढायच्या किटमध्ये आणि प्रयोगशाळेतल्या पाण्यातही जिवाणूंचा डीएनए असतो. रॅल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम अशी पाण्यातली-मातीतली मंडळी. शौचाच्या नमुन्यात जिवाणू इतके असतात की हा गाळ दिसत नाही. पण फुप्फुसाचा द्रव, गर्भजल, गाठीचा तुकडा अशा जवळपास जिवाणूरहित ठिकाणी नमुन्यापेक्षा किटचाच डीएनए जास्त भरू शकतो. मग “या अवयवात नवं जिवाणूविश्व सापडलं” अशी बातमी होते आणि प्रत्यक्षात किटच्या बाटलीची तपासणी झालेली असते.

२०१५ मध्ये टार्डिग्रेड या पाण्यातल्या सूक्ष्म आठपायी प्राण्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. त्याच्या जनुकांपैकी सुमारे सहावा हिस्सा जिवाणू आणि इतर परक्या सजीवांकडून आलेला आहे, असा दावा होता. काही दिवसांतच दुसऱ्या गटाने त्याच प्रजातीचा स्वतंत्रपणे वाचलेला जीनोम समोर ठेवला. त्यातला बहुतेक ‘परका’ हिस्सा प्राण्याबरोबर राहणाऱ्या जिवाणूंचाच होता. कर्करोगाच्या गाठींमध्ये ठरावीक जिवाणू असतात आणि त्यावरून कर्करोग ओळखता येतो, असं सांगणारा २०२० मधला ‘नेचर’चा शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तिथे माणसाचेच कित्येक रीड (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) जिवाणूंच्या नावावर मोजले गेले होते, कारण जिवाणूंच्या म्हणून साठवलेल्या काही जीनोममध्येच माणसाचा डीएनए मिसळलेला होता. आकडेमोडीतल्या दोषांनी त्यात भर घातली. म्हणजे कोरी नळी आवश्यक आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. ज्या संग्रहाशी तुलना करता तोही तपासावा लागतो.

माझ्याकडे कोऱ्या नळीशिवाय आलेल्या अशा कमी जिवाणूंच्या डेटावर मी निष्कर्ष लिहून देत नाही. लोक नाराज होतात. जेलवर (डीएनए आहे का ते पाहायची साधी चाचणी) पट्टी दिसली नाही म्हणून कोरी नळी फेकून देऊ नका. पट्टी न दिसण्याइतका डीएनए सिक्वेन्सिंगला भरपूर होतो.

बारीकसारीक, पण रोजचं

डीएनएच्या मोजणीसाठी फक्त नॅनोड्रॉप या प्रकाशशोषणावरून मोजणाऱ्या यंत्रावर विसंबू नका. तो आरएनए आणि सुटे न्यूक्लिओटाइडही (डीएनएचे सुटे घटक) मोजतो. लायब्ररी (यंत्रात घालायला तयार केलेले डीएनएचे तुकडे) बनवण्याआधी क्युबिटवर, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या रंगावरून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजा.

रक्त हेपरिनच्या नळीत घेऊ नका, हेपरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवतं. ईडीटीएची नळी घ्या.

सँगरच्या रीडमधली पहिली तीस-चाळीस अक्षरं गढूळच येतात. तुम्हाला हवी असलेली जागा तिथे पडत असेल तर प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं तो छोटा तुकडा) मागे सरकवा, कंपनीशी भांडू नका.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडाल तर ‘सेप्ट२’ची तारीख होईल आणि ‘मार्च१’चीही. हा घोळ इतका पसरला की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ही नावंच बदलून ‘सेप्टिन२’ आणि ‘मार्चएफ१’ केली. जुन्या फाइलींमध्ये तारखा अजून आहेत.

जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८ या संदर्भ जीनोमच्या (तुलनेसाठी वापरायचा प्रमाण जीनोम) दोन आवृत्त्यांमध्ये एकाच जनुकाचे पत्ते वेगळे असतात. फाइलच्या नावातच आवृत्ती लिहा. बेड फाइल (जीनोममधल्या जागांची यादी) शून्यापासून मोजते आणि व्हीसीएफ (सापडलेल्या बदलांची यादी) एकपासून, हेही भिंतीवर लावून ठेवा.

क्यू३० हा वाचनाच्या अचूकतेचा गुण आहे, म्हणजे हजारात एक चूक. ‘९० टक्के अक्षरं क्यू३०च्या वर’ हे वाचून नमुना चांगला आहे असं समजू नका. चुकीच्या माणसाचा डीएनएही क्यू३०ने वाचता येतो.

फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या गाठींच्या ठोकळ्यात सायटोसिनची (डीएनएतलं सी हे अक्षर) रासायनिक मोडतोड होते आणि सी च्या जागी टी वाचला जातो. अशा नमुन्यात फक्त सी-टी बदलांचा पाऊस दिसला, तर तो कर्करोगाचा असेलच असं नाही.

जन्मजात बदलांसाठी सरासरी ३० पट खोली, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचणं, चालते. गाठीतला फक्त पाच टक्के रेणूंत असलेला बदल त्या खोलीवर सरासरी दीड रीडमध्ये दिसणार. दीड रीडवर कोणाच्या औषधाचा निर्णय घेता येत नाही.

नमुन्यांची अदलाबदल

९६ खड्ड्यांची प्लेट अर्धी फिरवून ठेवली की ए१ची जागा एच१२ घेतो आणि सगळे नमुने नावं बदलतात. हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. लक्षात आलं ते केवळ योगायोगाने नाही, तर मी प्रत्येक नमुन्यात वाय गुणसूत्राचे रीड आहेत का हे आधी पाहते म्हणून. बायकांच्या नावावर वाय सापडू लागला. त्या दिवसापासून माझा नियम आणखी कडक झालाय: लिंगाची पडताळणी, एकाच माणसाच्या दोन नमुन्यांची आपसांत जुळणी आणि कुटुंब असेल तर नात्याची जुळणी. हे तीन तास लागणारं काम आहे. “वेळ नाही” म्हणणाऱ्यांनी मग त्या नमुन्यांवर वर्षभर काम करू नये.

सापडलेला बदल म्हणजे कारण नव्हे

कोणत्याही माणसाचा जीनोम संदर्भ जीनोमपेक्षा चाळीस ते पन्नास लाख जागी वेगळा असतो. त्यात एखादा भीतिदायक दिसणारा बदल सापडणारच. नवा संशोधक तो पाहतो, रुग्णाची लक्षणं पाहतो आणि दोन्ही जोडून मोकळा होतो. आधी तो बदल निरोगी लोकांच्या मोठ्या संग्रहात किती वेळा दिसतो ते बघा, आणि त्या संग्रहात रुग्णाच्या वंशाचे लोक पुरेसे आहेत का तेही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासाठी आफ्रिकी वंशाच्या काही रुग्णांना चुकीने ‘रोगकारक’ बदल सांगितले गेले होते. ते बदल त्या वंशात सर्रास आढळतात. जुन्या तुलनागटांत त्या वंशाचे लोकच फार थोडे होते.

दुसरा सापळा जुळ्या जनुकांचा. पीएमएस२ या जनुकाला त्याच्यासारखंच एक निकामी भावंड आहे, पीएमएस२सीएल. छोटे रीड दोघांपैकी कुणाचे हे यंत्रालाही कळत नाही. अशा जागी लांब रीड किंवा वेगळी पीसीआर लावल्याशिवाय मी सही करत नाही.

जनुकीय बदलांचा अर्थ लावण्याच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रोगकारकपासून निरुपद्रवीपर्यंत बदलांचे पाच वर्ग आहेत. मधला वर्ग ‘अर्थ अनिश्चित’ हा आहे. डॉक्टर कधी कधी फोनवर विचारतात, “तरी तुमचं मत काय, होकाराकडे की नकाराकडे?” एखाद्या बाईच्या स्तनांच्या किंवा बीजकोशांच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न समोर असतो. मी तेव्हा अंदाज सांगत नाही. अहवालात ‘अनिश्चित’ हाच शब्द ठेवते, खाली कोणत्या तारखेला कोणता संग्रह तपासला ते लिहिते आणि वर्षाने तोच बदल पुन्हा शोधायचा म्हणून नोंद करून ठेवते. माझ्याच नोंदींतले काही अनिश्चित बदल पुढे निरुपद्रवी ठरले.