जुनं .३२ पिस्तूल घेताय? आधी नळीत कागद धरून बघा

लायसन्सवर सेकंडहँड पिस्तूल घेताना सगळे बाहेरची पॉलिश बघतात आणि खरा खर्च आत दडलेला असतो. डीलरच्या काउंटरवरच दोन मिनिटांत हे करा:

१. मॅगझिन (गोळ्या भरायचा काढता भाग) आधी काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) रिकामं आहे का ते स्वतः बघा, "रिकामंच आहे हो" यावर जाऊ नका.

२. स्लाइड मागेच धरून ठेवायला सांगा, चेंबरच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून त्यावर मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून नळीत बघा. पीळदार खाचा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. आत कुठे काळी गोल रिंग दिसली तर नळी फुगलेली असू शकते, मग किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या. नुसता मळ असेल तर साफ करून परत दाखवा म्हणायचं.

३. मॅगझिनचे वरचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या कडा, वाकलेले नकोत. जुन्या विलायती पिस्तुलाचं जादा मॅगझिन मिळता मिळत नाही, भारतीय बनावटीच्या 'अशनी' पिस्तुलाचं त्यामानाने सोपं.

४. बॉडीवरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या लायसन्सवरचा नंबर एकच हवा, एक आकडा खोडल्यासारखा वाटला तरी उठा.

आणि परस्पर व्यवहार असेल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जायला लागतात, शहरात कमिशनर ऑफिसला विचारा, तोवर ॲडव्हान्स देऊ नका.